वर लगदा, खाली पाणी: सोलापूरच्या उन्हाळ्यात पीच क्रम्बल कसं जमवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्हाला क्रम्बल, म्हणजे फळावर पिठाचा चुरा पसरून भाजायचा गोड पदार्थ, करायचा होता. तुम्ही लक्ष्मी मंडईतून किलोभर पीच आणले, साखर आणि कॉर्नफ्लोअर लावून काचेच्या भांड्यात घातले, वर मैदा, साखर, बटरचा चुरा पसरला आणि ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, १८० अंशांवर बरोबर ४० मिनिटं भाजलं. वरून रंग सुरेख आला. चमचा घातला तर वरचा थर कणकेसारखा चिकट आणि तळाला बोटभर पाणी. दुसऱ्या वेळी कॉर्नफ्लोअर दुप्पट घातलं, तर पाणी तसंच राहिलं आणि तोंडात कच्च्या पिठाची चव आली. येत्या रविवारी पुण्याहून भाऊ-वहिनी येणार आहेत, तोवर हे जमेल का, नाहीतर सरळ डब्यातले पीच आणू का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. मी गेली सोळा वर्षं जुळे सोलापुरात घरूनच केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते आणि सुट्टीत वर्ग घेते. दर मे महिन्यात निदान चार-पाच जणी मला हेच विचारतात.

तुम्ही चूक प्रमाणात शोधताय, म्हणून दुसऱ्या वेळी कॉर्नफ्लोअर वाढवलं. प्रमाण ठीकच होतं. ती पाककृती ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे, तिथं ओट्यावर ठेवलेलं बटर तासभर घट्ट राहतं. मी एकदा मेमध्ये दुपारी तीन वाजता माझ्या ओट्यावर तापमापी ठेवून पाहिली, ३७ अंश. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं. म्हणजे चुरा भट्टीत जाण्याआधीच बिघडलेला असतो. आणि खालचं पाणी? तो रस कधी उकळलाच नाही. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण समजून घ्यायला वेगवेगळ्या घेऊ.

रसापासून सुरुवात करते, कारण जास्त घोटाळा तिथंच होतो.

पीचमध्ये दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणी. साखर लागली की ते बाहेर येतं, उष्णता लागली की आणखी येतं. कॉर्नफ्लोअर ते धरून ठेवतं, पण नुसतं गरम होऊन नाही. त्याचे कण साधारण ६५-७० अंशांना फुगायला लागतात आणि पूर्ण दाटपणा रस उकळीला आल्यावरच येतो. कढीला डाळीचं पीठ लावून उकळी येऊ दिली नाही तर कढी पातळ आणि कच्चट राहते ना, अगदी तसंच. तुमच्या भांड्यात कडेचा रस उकळला असेल, मधला नाही. ४० मिनिटं झाली म्हणून तुम्ही बाहेर काढलं. दुप्पट कॉर्नफ्लोअर म्हणजे दुप्पट कच्चं पीठ, बाकी काही नाही.

म्हणून माझ्या घरात क्रम्बलला घड्याळ नाही. भांड्याच्या कडेला बुडबुडे येतात ते धरायचे नाहीत. मधोमध, चुऱ्याच्या भेगांतून रस वर येऊन रटरटला पाहिजे. बुडबुडा जाड, संथ, फुटताना किंचित आवाज करणारा हवा, पाक होत आल्यावर येतो तसा. भराभर फुटणारे पातळ बुडबुडे म्हणजे अजून पाणीच आहे. असा जाड बुडबुडा दिसल्यावर आणखी पाच मिनिटं ठेवायचं.

पण सोलापुरात मिळणाऱ्या फळावर एवढ्यानं भागत नाही, म्हणून मी आधी एक काम करते. सोललेल्या पीचच्या अर्ध्या इंचाच्या फोडी करते, किलोभर फळाला ६० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस लावून पाऊण तास ठेवते. मग चाळणीत ओतून खाली पातेलं धरते. पाऊण ते एक वाटी रस निघतो, फिकट नारिंगी, थोडा गढूळ. तो मध्यम आचेवर ठेवून निम्मा होईपर्यंत आटवते. आटत आला की रंग गडद होतो आणि वास एकदम भरतो, स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जातो. दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून त्यात घालते आणि ढवळत राहते. आधी ते दुधाळ दिसतं, मग एका क्षणी पारदर्शक होतं आणि चमच्याच्या पाठीवर थर धरतं. त्याच क्षणी गॅस बंद. हा दाट रस फोडींवर ओतायचा, वर एक लहान चमचा कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हातानं कालवायचं, आणि हे सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं. पाणी गॅसवर दहा मिनिटांत आटतं. ओटीजीत चुऱ्याखाली झाकलेलं तेच पाणी तासभरातही आटत नाही, उलट वाफ होऊन वरच्या थरात शिरतं.

लिंबू आणि आंबट फळ असल्यामुळे हे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका. रसाला धातूची चव लागते. स्टील वापरा.

आता चुरा. तुम्ही शंकरपाळ्या करत असाल, तेव्हा कडकडीत मोहन घालता. ते पिठात सगळीकडे सारखं मुरावं हा हेतू असतो. क्रम्बलला नेमकं उलटं हवं. बटरचे बारीक खडे पिठात अख्खे राहायला हवेत. ते भट्टीत वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते, जागा पोकळ राहते, आणि म्हणून चुरा खुसखुशीत होतो. बटरमध्ये सुमारे ८० टक्के चरबी असते, उरलेल्यात बहुतेक पाणी. ते परातीतच वितळलं तर त्यातलं पाणी मैद्याला लागतं, आपण बोटांनी चोळत राहतो, आणि चुऱ्याची कणीक होते. ती कणीक ओल्या फळावर बसली की खालून वाफ खाते. तुमचा लगदा असा तयार झाला.

मी हे स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत बारा जणांच्या वाढदिवसाची ऑर्डर होती, मे महिना, दुपारी वीज गेलेली, पंखा बंद. चुरा करता करताच परातीला तूप सुटायला लागलं. मी आणखी मैदा घातला, मग आणखी. संध्याकाळी जे गेलं ते फळाच्या खिरीवर थापलेलं थालीपीठ होतं. त्या मुलीच्या आईनं काही बोलून दाखवलं नाही, पण भांडं परत आलं तेव्हा निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्ग सापडला तो सासूबाईंच्या नानकटाईत. त्या तयार पीठ डब्यातून पेठेतल्या बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. भर उन्हाळ्यातसुद्धा त्यांची नानकटाई कधी दगड झाली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुपात पाणी कुठं असतं? आणि तूप थिजलेलं असल्याशिवाय मी पिठाला हात लावत नाही." दोन वाक्यांत सगळं आलं. तुपात पाणी नाही, त्यामुळे ते जरा मऊ पडलं तरी मैद्याची कणीक होत नाही. आणि थिजलेलं असलं की रवाळ राहतं.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी नुसतं बटर घेत नाही. आठ इंची चौकोनी भांड्यासाठी माझं प्रमाण असं: मैदा १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, थिजलेलं साजूक तूप ३० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, आणि न भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट ४० ग्रॅम. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. ज्वारी का, असं बाहेरचे लोक विचारतात, तुम्हाला सांगायला नको. तिला चिकटपणा नसतो, म्हणून चुरा ताणला जात नाही, आणि भाजल्यावर एक खमंगपणा येतो जो ओट्सला येत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तमच. पीठ मात्र ताजं दळलेलं घ्या, जुन्या पिठाला कडवट वास येतो आणि तो साखरेखाली लपत नाही. शेंगदाणे न भाजलेले घेते, कारण चुऱ्यावर पाऊण तासात ते आपोआप भाजले जातात. आधी भाजलेले असतील तर करपतात.

करायची रीत: मैदा, ज्वारी, साखर एका स्टीलच्या पातेल्यात घालून पातेल्यासकट तासभर फ्रीजरमध्ये. बटरची वडी आणि तूपही तिथंच. मग किसणीच्या जाड भोकांवर बटर सरळ पिठात किसायचं, मध्ये मध्ये किसावर पीठ टाकत. तूप सुरीनं खरवडून घालायचं. तळहात लावायचा नाही, बोटांची टोकं फक्त, तेही दोन मिनिटं. उन्हाळ्यात मी काट्यानंच कालवते. मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटानं टोचलं की लगेच फुटला पाहिजे. वळतच नसेल तर चमचाभर तूप आणखी. फुटत नसेल तर ते तापलंय, ताबडतोब फ्रीजरमध्ये टाका. शेवटी शेंगदाण्याचा कूट मिसळा, काही भाग मुद्दाम मुठीत दाबून वाटाण्याएवढे गोळे करा, आणि सगळं पुन्हा अर्धा तास फ्रीजरमध्ये. भट्टी तापली की थेट फ्रीजरमधून फळावर पसरायचं. दाबायचं नाही, सैल टाकायचं.

एक काळजी घ्या. गार फक्त चुरा करायचा. काचेचं भांडं फ्रीजरमधून काढून तापलेल्या ओटीजीत ठेवलं तर ते तडकू शकतं.

इथवरचं थोडक्यात: रस आधी गॅसवर आटवून दाट करा, चुरा दगडासारखा गार असू द्या, आणि मधोमध रटरटेपर्यंत बाहेर काढू नका.

आता ज्या गोष्टी मी इथं बसून सांगू शकत नाही, तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील, त्या.

पहिली म्हणजे तुमची ओटीजी. लहान ओटीजीत वरची सळई चुऱ्यापासून तीन-चार इंचांवर असते, म्हणून वरचा रंग फार लवकर येतो आणि आपण फसतो. भांडं सर्वांत खालच्या खाचेत ठेवा. १९० अंशांवर पहिली वीस मिनिटं फक्त खालची सळई, नंतर दोन्ही. वर रंग आधीच आला तर ॲल्युमिनियमचा कागद नुसता अलगद टेकवा, घट्ट झाकू नका. खाली एक पसरट ताटली ठेवा, रस सांडतो आणि सळईवर पडला तर धूर होतो. एकूण ४५ मिनिटं ते एक तास, यात काहीही लागू शकतं.

दुसरी गोष्ट विजेचा दाब. उन्हाळ्यात दुपारी घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, तेव्हा दाब उतरतो. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले, तर सळईला मिळणारी ताकद सुमारे एक तृतीयांशानं कमी होते. दिवा लागलेला असतो, काटा १९० अंशांवर असतो, पण भट्टी तापायला खूप वेळ घेते आणि दार उघडलं की उतरलेली उष्णता लवकर भरून येत नाही. मी उन्हाळ्यात पहाटे भाजते. ते शक्य नसेल तर दहाऐवजी वीस मिनिटं आधी तापवा आणि दार उघडून सारखं पाहू नका. ओव्हनमध्ये ठेवायची साधी तापमापी मिळते, ती एकदा घेतली की बरेच गैरसमज दूर होतात.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी, म्हणजे फळ.

पीच इथं पिकत नाही. एप्रिल-मेमध्ये पंजाबच्या मैदानी भागातला, मग जून-जुलैमध्ये हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरातला माल येतो. आपल्या जुन्या शब्दकोशांत या फळाला सप्ताळू म्हटलंय, आता मंडईत आडू म्हटलं तरी कळतं. इतका प्रवास करायचा म्हणून ते कडक असतानाच उतरवतात. झाडावरून काढल्यावर पीच मऊ होतो, वास धरतो, पण गोडी वाढत नाही. म्हणून निवडताना लाल गालावर भुलू नका, तो वाणाप्रमाणे असतो किंवा नसतो. लाल नसलेला भाग पाहा. तिथं हिरवी झाक असेल तर ते फळ कोवळं उतरवलेलं आहे, ते मऊ होईल पण पानसटच राहील. पिवळसर किंवा सायीसारखा रंग हवा. देठाजवळ नाक न्या, वास नसेल तर पुढे चला.

घरी आणल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाकू नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात. कच्चा पीच २ ते ८ अंशांत काही दिवस राहिला की आतून लोकरीसारखा कोरडा, पिठूळ होतो आणि नंतर कितीही ठेवला तरी सुधारत नाही. देठ खाली करून, एकमेकांना न लागता, सुती कापडावर पसरून ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात एक-दोन दिवस पुरतात. अगदी कडक असतील तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं सोबत घाला. देठाशी अंगठा लावल्यावर किंचित दबला की तयार. त्यानंतर मात्र फ्रीजमध्ये दोन दिवस चालेल. क्रम्बलसाठी मला जरा घट्टच आवडतो, खायला पूर्ण पिकलेला. फार पिकलेल्याच्या फोडी विरघळतात.

सोलायला बुडाशी अधिकाचं चिन्ह कापा, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग गार पाण्यात. पिकलेल्याची साल हातानं सुटते. सुटत नसेल तर फळ अजून कच्चं आहे, सुरीनं सोला. काही वाणांत गर कोयीला चिकटलेला असतो, तेव्हा अर्धे करायच्या नादी न लागता आंब्यासारखे काप काढा. कोय फोडून आतलं बी वास येतो म्हणून घालणारे आहेत. कृपा करून घालू नका. त्यात असा घटक असतो ज्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

डब्यातले पीच? चालतील, आणि फळ चांगलं मिळालं नाही तर मी तेच वापरीन. पानसट ताज्या फळापेक्षा ते खात्रीचे. सव्वाआठशे ग्रॅमच्या डब्यातून निथळून साडेचारशे ते पाचशे ग्रॅम फोडी निघतात, म्हणजे तुमच्या भांड्याला दोन डबे. अर्धा तास चाळणीत निथळू द्या. साखर घालू नका. डब्यातला पाक सगळा वापरायचा मोह टाळा, अर्धी वाटी घेऊन वर सांगितल्याप्रमाणे आटवा आणि कॉर्नफ्लोअर एकच चमचा घाला. फळ आधीच शिजलेलं असल्यामुळे ३५ मिनिटांत काम होतं. चव एकसुरी असते, म्हणून लिंबू जास्त आणि किसलेलं आलं चमचाभर. ताज्या पीचला मी फक्त जायफळ लावते, चिमूटभर. वेलची नाही, ती पीचचा वास दाबून टाकते.

पीचऐवजी दुसरं काय घालता येईल असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. थंडीत पेरू फार छान होतो, बिया काढून. सफरचंद, नासपती चालतात. बार्शीकडचं सीताफळ कितीही सुंदर असलं तरी भट्टीत घालू नका, तापल्यावर कडवट होतं.

शेवटचा टप्पा तुमच्याकडून बहुधा सुटला असेल. बाहेर काढल्यावर क्रम्बल निदान अर्धा तास तसंच राहू द्या. गरम असताना रस पातळच वाटतो, निवताना दाट होतो. आणि झाकू नका. आपली कडक भाकरी गरम असतानाच डब्यात घातली तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ओटीजीत १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चुरा पुन्हा मऊ पडतो.

रविवारचं असं करा. गुरुवारी संध्याकाळी फळ आणा आणि कापडावर पसरा. शुक्रवारी रात्री अंगठा लावून पाहा, तयार असतील ते फ्रीजमध्ये. शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर, ओटा जरा निवल्यावर, चुरा करून पिशवीत भरा आणि फ्रीजरमध्ये टाका, तो तिथं आठवडाभरही राहतो. फळ सोलून, रस आटवून, सगळं गार झालं की डब्यात फ्रीजमध्ये. रविवारी सकाळी डबा तासभर आधी बाहेर काढा, फळ भांड्यात ओता, भट्टी तापवा. पाहुणे हातपाय धुऊन पानावर बसतील तेव्हा भांडं आत गेलेलं असू द्या. जेवण आणि गप्पा होईपर्यंत ते भाजून, निवून तयार होईल. वर आईस्क्रीम घाला, किंवा घरची साय थोड्या साखरेत फेटून. आंबट पीचवर मला सायच जास्त आवडते. मधोमध बुडबुडे कसे दिसले ते मला नक्की कळवा, शक्य झालं तर फोटो पाठवा. काही अडलं तर त्यावरून सांगता येईल.